डायनोवर गाडी चढवण्याआधी: टायमिंग लाइट, आणि मग बाकीचं

इंजिन नवीन बांधलंय, स्टँडअलोन ईसीयू (कंपनीच्या जागी बसणारा, आपण सेट करायचा इंजिनाचा कॉम्प्युटर) बसवलाय, आता पुण्याला जाऊन डायनोवर (गाडी रोलरवर पळवून ताकद मोजायचं यंत्र) ट्यून करून आणायचं, असं साताऱ्यात ज्याचं ज्याचं चाललंय त्याच्यासाठी हे लिहितोय. ऑइल, कूलंट, बेल्ट, बॅटरी हे सांगत बसत नाही. सुरुवात टायमिंग लाइटपासून करा, म्हणजे ठिणगीबरोबर चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा. लॅपटॉपवर दिसतो तो आकडा ईसीयूला वाटणारा असतो. ठिणगी खरोखर कधी पडते ते लाइट मारल्याशिवाय कळत नाही. मागच्या इंजिनाला आमच्याकडून हेच राहिलं. स्क्रीनवर टॉपच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) आधी 22 डिग्री होते, ठिणगी पडत होती 30 च्या जवळ. तिसऱ्या पिस्टनची रिंगांमधली कड तुटली आणि लायनरला उभे ओरखडे पडले.

लाइट मारण्याआधी खरा टॉप शोधा. रबर असलेल्या जुन्या क्रँक पुलीचं बाहेरचं कडं सरकलेलं असू शकतं, मग तिच्यावरची खूण खोटी ठरते. सगळे प्लग काढा, एक नंबरचा पिस्टन थोडा खाली घ्या आणि प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप बसवा. आता क्रँक पान्ह्याने हळूच फिरवा, अडेल तिथे पुलीवर खूण करा. मग उलट्या बाजूने फिरवा, अडेल तिथे दुसरी खूण. दोन्हींच्या बरोबर मध्ये टॉप. हे सगळं हातानेच करायचं. स्टॉप आत असताना कोणी स्टार्टर मारला तर पिस्टनला भोक पडेल, म्हणून बॅटरीची वायर आधी काढून ठेवा.

मग ईसीयूमध्ये टायमिंग 10 डिग्रीवर लॉक करा, लाइटचा चिमटा एक नंबरच्या प्लग वायरला लावा आणि त्याच्यावरचा बाण प्लगकडे ठेवा. इंजिन चालू करून लाइट मारा. 10 ची खूण काट्यासमोर स्थिर दिसली पाहिजे. नसेल तर ट्रिगरचा (क्रँक सेन्सरच्या सिग्नलचा) ऑफसेट बदलत जा, जुळेपर्यंत. जुळली म्हणून लगेच थांबू नका. लॉक तसाच ठेवून इंजिन 3,000 ते 4,000 आरपीएमला न्या आणि पुन्हा लाइट मारा. खूण सरकायला लागली तर क्रँक सेन्सरच्या दोन वायरी उलट्या जोडल्यात किंवा सिग्नलची चुकीची कड निवडलीय. 36 दातांतला एक काढलेली चकती लेथवर करून घेतली असेल तर हे हमखास बघा. एका कॉइलवर दोन प्लग असतील तर लाइटची डायल शून्यावर ठेवा, नाहीतर आकडा दुप्पट दिसू शकतो. सेन्सरचा ब्रॅकेट नंतर कोणत्याही कारणाने सैल केला तर पुन्हा लाइट मारा. ‘मगाशीच बघितलंय की’ हे कोणाचंही ऐकू नका.

मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा) तपासायला साताऱ्यात सोपी खूण आहे. गाव समुद्रसपाटीपासून साधारण 700 मीटर उंच आहे, त्यामुळे चावी चालू आणि इंजिन बंद असताना सेन्सरने 93 किलोपास्कलच्या आसपास दाखवायला हवं. 101 दाखवत असेल तर सेटिंग चुकलंय, सगळा ट्यूनिंगचा मॅप (पेट्रोल-टायमिंगचा तक्ता) त्याच चुकीवर उभा राहील. महाबळेश्वरला हाच आकडा 86 च्या आसपास येतो. कॉम्प्रेशनही मोजा. सिलिंडरांमध्ये 10 टक्क्यांहून जास्त फरक असेल तर डायनो रद्द करा, पैसे जाऊ द्या.

पेट्रोल रोज भरणार तेच भरा. 100 ऑक्टेनवर टायमिंग पुढे घेतलं आणि परत येऊन साधं भरलं तर नॉकिंग (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकून ठोके बसणं) ठरलेलं. हवा-पेट्रोलच्या बरोबर प्रमाणाचा 14.7 हा आकडा बिनइथेनॉलच्या पेट्रोलचा आहे. 20 टक्के इथेनॉलवाल्याचा साधारण 13.5 येतो, म्हणून सरळ लॅम्डामध्ये वाचा (बरोबर प्रमाण म्हणजे 1, त्याच्या खाली रिच, म्हणजे पेट्रोल जास्त). फुल लोडला टर्बो नसलेल्या इंजिनाला 0.86 ते 0.88, टर्बोला 0.80 च्या आसपास धरून सुरुवात करा. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट लीक असेल तर वाइडबँड (लॅम्डा मोजणारा सेन्सर) खोटं लीन (पेट्रोल कमी) दाखवतो, मिसफायरलाही तसंच. आणि लॅम्डा कितीही सुंदर दिसला तरी टायमिंग चुकलेलं त्यातून कळत नाही. पुन्हा सांगतो, लाइट.

नॉकिंग ऐकायला तांब्याच्या नळीचं टोक चेपून त्याला भोक पाडा आणि ते ब्लॉकला बोल्टने घट्ट बसवा. दुसऱ्या टोकाला रबरी पाइप लावून तो कानावरच्या मफपर्यंत आणा. नॉकिंग झालं की पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज येतो. आला की थ्रॉटल सोडायचा, ‘एकदा अजून बघू’ नाही.

डायनोवर गाडी बांधायचे पट्टे पहिल्या हलक्या पुलनंतर (पुल म्हणजे मोजणीची एक धाव) पुन्हा ताणा, ते सैल होतातच. टायर रिमोल्ड नकोत, नक्षीत अडकलेले खडे काढा. गाडीच्या पुढे-मागे आणि रोलरच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही, मोबाइलवर शूटिंग करणारा मित्र तर अजिबात नाही. एक्झॉस्टचा पाइप बाहेर काढा, शटर उघडं ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं दुखायला लागेपर्यंत थांबू नका. पेट्रोलच्या आगीला चालणारं फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा, पाण्याची बादली नाही. इंजिन बंद कोण करणार ते आधीच ठरवा, माणूस एकच.

पुल घेताना रिच आणि मागे घेतलेल्या टायमिंगने सुरू करा, दर वेळी एकच गोष्ट बदला. ताकद वाढायची थांबली की टायमिंग वाढवणं थांबवा. मध्ये थंड होऊ द्या. फ्युएल प्रेशर लॉग करा, वरच्या आरपीएमला पडत असेल तर तिथेच थांबा.

डायनोचे पैसे वाचवायला खंबाटकीच्या अलीकडे-पलीकडे हायवेवर पुल घेऊ नका. परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणं किंवा वेग आजमावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे, आणि समोरच्या एसटीत माणसं असतात.

झाल्यावर प्लग काढून बघा, मॅप दोन ठिकाणी सेव्ह करा, घरी येऊन ऑइल काढा आणि त्यात चमक दिसतेय का ते उन्हात धरून बघा.