टर्बो गाडीचा जोर मध्येच जातो, पी०२९९ कोड येतो: माझा अनुभव
गाडी रीमॅप केलेली (म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली) टर्बो पेट्रोल हॅचबॅक. सोलापूरहून मोहोळकडे जाताना चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की फुस्स आवाज, जोर गायब, चेक इंजिनचा दिवा. कोड पी०२९९, म्हणजे बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब) कमी. प्लग, एअर फिल्टर बदलले, हा दाब मोजणारा मॅप सेन्सर साफ केला, फरक शून्य. त्यात कुणी ‘टर्बोच गेला’ म्हटलं की जीव नुसता वैतागायचा.

प्रेशर टेस्टनं चोर सापडला. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. फिल्टरकडचा पाइप काढून टर्बोच्या तोंडावर टायरचा व्हॉल्व्ह बसवलेलं बूच घट्ट लावा. ब्रीदरची (इंजिनातली वाफ बाहेर नेणारी) नळी आधी बंद करा, नाहीतर क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागात, दाब जाऊन ऑइल सील धोक्यात येतात. रेग्युलेटरनं हवा हळूहळू भरा, १५ पीएसआयच्या वर नको. मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा.

इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणाऱ्या भागाच्या) रबरी होजवर, क्लॅम्पच्या अगदी कडेला, बुडबुडे आले. एरवी ती चीर दिसतच नव्हती, दाब आला की उघडायची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबराचे हाल होतातच.

सिलिकॉनचा होज आणला. पाइपाचं तोंड तेल पुसून कोरडं केलं, टी-बोल्ट क्लॅम्प पाइपाच्या उंचवट्यामागे आवळला, पुन्हा दाब देऊन पाहिलं, मगच कोड पुसला. आता त्याच रस्त्यावर बूस्ट टिकतो.