खोकताना छातीचं हाड ‘कट्’ वाजलं तर

हृदयशस्त्रक्रियेच्या वॉर्डात मी एकोणीस वर्षं ड्रेसिंग करते आहे. पेशंट घरी निघाला की नातेवाइकांना मी एक तपासणी शिकवते. त्याला उताणं झोपवा, टाक्यांवर स्वच्छ तळहात हलकेच ठेवा आणि हळू खोकायला सांगा. आत ‘कट्’ वाजलं किंवा हाडाच्या कडा सरकल्यासारख्या लागल्या, तर शस्त्रक्रियेत कापलेलं छातीचं हाड बांधणाऱ्या स्टीलच्या तारा सैल झाल्या असतील. जखमेतून पाणी किंवा पू येणं, ताप, कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढणं, यांपैकी काहीही दिसलं तरी त्याच दिवशी सर्जनकडे जा. एका घरात आठवडाभर वरून मलम लावत बसले होते. पट्टी सोडली तर वर वाटाण्याएवढं भोक होतं, आणि आत थेट हाडापर्यंत पू.

वरवरची जखम असेल तर साफसफाई आणि औषधांवर भागतं. संसर्ग हाडापर्यंत गेला असेल तर पुन्हा ऑपरेशन थिएटर. सीटी स्कॅन होतो, आणि जखम उघडल्यावर कोणते जंतू आहेत ते कळावं म्हणून आतल्या पेशींचं कल्चर पाठवतात. अँटिबायोटिक त्यावरून ठरतं आणि बहुधा काही आठवडे चालतं. सर्जन संसर्ग झालेल्या तारा काढतात, मेलेलं हाड आणि सडलेला भाग रक्त दिसेपर्यंत खरवडून काढतात. यात कसर ठेवली तर पुढचं सगळं वाया जातं.

मग पुष्कळदा व्हॅक मशीन, म्हणजे जखमेतला स्राव ओढून घेणारं यंत्र, लागतं. जखमेत स्पंज, वर चिकटपट्टी, आणि नळीतून डब्यात साधारण उणे 125 मिलिमीटर पाऱ्याइतकी ओढ. स्पंज दोन-तीन दिवसांनी बदलतात. स्पंज आणि हृदय यांच्यामध्ये न चिकटणारा थर घालावाच लागतो. डब्यात अचानक लालभडक रक्त भरू लागलं तर मशीन बंद करा, जोरात हाक मारा, आणि डॉक्टर येईपर्यंत स्पंज ओढू नका. हे मी प्रत्येक नातेवाइकाकडून दोनदा म्हणवून घेते.

जखम स्वच्छ झाली की प्लास्टिक सर्जन छातीचा स्नायू सरकवून पोकळी भरतात. तो पुरला नाही तर पोटाचा स्नायू किंवा आतड्यांवरची चरबीची चादर वर आणतात. रक्तपुरवठा असलेलं मांस तिथे आलं की औषधही पोचतं. बायपासला छातीच्या आतली धमनी वापरली असेल, तर त्या बाजूच्या पोटाच्या स्नायूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेची फाइल सोबत आणाच.

नंतरचे सहा-आठ आठवडे: साखर डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत, तंबाखू-सिगारेट बंद, प्रथिनं भरपूर, जड उचलणं नाही. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. उठताना हातांवर जोर नको. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, आणि मागून कोणीतरी पाठीला हात द्या, काखेत धरून ओढू नका.