सेमिनरी संपल्यावर काय शिकायचं: ल्युथरन पाळकांसाठी काउन्सेलिंग आणि मंडळीचं नेतृत्व

सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, ग्रीक, हिब्रू, ऑग्सबर्ग कन्फेशन (ल्युथरन चर्चचा मूळ विश्वासजाहीरनामा), संदेश कसा तयार करायचा हे सगळं नीट शिकवतात. पण रात्री उशिरा एखाद्या आईचा फोन येतो की मुलगा खोलीचं दार उघडत नाहीये आणि कालपासून काहीतरी भलतंच बोलतोय, तेव्हा काय करायचं हे बरेच पाळक कामावर पडल्यावरच शिकतात. म्हणून पुढचं शिक्षण "वेळ मिळाला तर बघू" म्हणून बाजूला टाकू नका. आणि निवडताना माझं एक ठाम मत आहे ते आधीच सांगते, ज्या ट्रेनिंगमध्ये कोणीतरी तुमचं प्रत्यक्ष काम बघतं आणि त्यावर तुमच्याशी बोलतं तेच घ्या, नुसती लेक्चरं ऐकून मिळालेली सर्टिफिकेटं आजाऱ्याच्या खाटेशेजारी फारशी कामाला येत नाहीत.

कोर्सची माहिती शोधायच्या आधी स्वतःची डायरी उघडा. गेल्या वर्षभरात कोणाच्या घरून बाहेर पडताना वाटलं की आपल्याला बोलताच आलं नाही, कुठली मीटिंग हाताबाहेर गेली, कोणाला भेटायचं तुम्ही टाळताय, हे नावं न लिहिता कागदावर काढा. त्यातून काय शिकायची गरज आहे ते आपोआप दिसतं. नाहीतर होतं काय, ज्याला समजावायला छान जमतं तो अजून समजावण्याचाच कोर्स करतो, आणि मीटिंगला घाबरणारा दुःखात सांत्वन कसं करायचं त्याच्या तिसऱ्या वर्कशॉपला जातो.

काउन्सेलिंगसाठी माझी पहिली शिफारस क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, म्हणजे सगळे ज्याला सीपीई म्हणतात ते, सुपरव्हायझरच्या देखरेखीखाली रुग्णांना भेटत शिकायचं ट्रेनिंग. याची सुरुवात १९२५ मध्ये अमेरिकेत वूस्टरच्या मानसिक रुग्णालयात झाली, अँटन बॉइसन नावाचे पाळक स्वतः मानसिक आजारातून गेले होते आणि त्यांनी थिऑलॉजीच्या विद्यार्थ्यांना थेट रुग्णांमध्ये आणलं, कारण पुस्तकं वाचतो तितक्याच काळजीने माणसं वाचली पाहिजेत असं त्यांचं म्हणणं होतं. तिथल्या आजच्या पद्धतीत एक युनिट किमान ४०० तासांचं असतं, त्यातले निदान १०० तास ग्रुपमध्ये आणि सुपरव्हायझरबरोबर शिकण्याचे, बाकीचा मोठा भाग रुग्णांजवळ. सलग जमत नसेल तर काही महिन्यांत पसरलेलं पार्टटाइम युनिटही बऱ्याच ठिकाणी मिळतं, मंडळी सांभाळून तेच झेपतं.

यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे व्हर्बेटिम. रुग्णाशी झालेलं बोलणं आठवून जसंच्या तसं लिहायचं, तो काय म्हणाला, तुम्ही काय म्हणालात, मध्ये कुठे गप्प बसलात, आणि मग ते ग्रुपपुढे ठेवायचं. समजा एक बाई म्हणाली, "पास्टर, आता घरी जाऊन तरी काय करू," आणि तुम्ही लगेच म्हणालात, "असं नका बोलू, प्रभू तुमच्याबरोबर आहे." सुपरव्हायझर तिथेच बोट ठेवतो, घरी काय आहे हे तुम्ही विचारलं का नाही? घाई कोणाला होती, तिला की तुम्हाला? ऐकायला टोचतं, पण पुढच्या भेटीत तोंड उघडायच्या आधी तुम्ही थांबता, आणि तेवढ्यानेच समोरचं माणूस पुढचं वाक्य बोलतं. बायबलचं वचन द्यायचंच नाही असं यात कोणी म्हणत नाही, ते नक्की कोणत्या जखमेवर द्यायचं हे आधी कळू दे इतकंच. नियमशास्त्र (देवाच्या आज्ञा) आणि शुभवर्तमान (ख्रिस्तातल्या क्षमेची बातमी) यातला फरक आपण सेमिनरीत घोकलेला असतो, तो एका माणसासमोर बसून ओळखायचा म्हणजे हेच. आधीच खचलेल्या माणसाला आज्ञा सांगत बसलो तर तो अजून खचतो.

दुसरं, कुठे थांबायचं हे शिका. आत्महत्येचे विचार, घरातली मारहाण, व्यसन, भास होणं, लहान मुलांवरचा अत्याचार, इथे पाळकाने एकट्याने गाडा ओढायचा नसतो. आत्महत्येबद्दल सरळ विचारलं तर डोक्यात विचार घातला जातो ही भीती खोटी आहे, थेट आणि शांतपणे विचारलेलंच बरं असतं, आणि ते तोंडाने बोलून सराव करायची दोन दिवसांची वर्कशॉप्स असतात, ती कराच. मेंटल हेल्थ फर्स्ट एड हा ऑस्ट्रेलियात २००० साली सुरू झालेला कोर्स आता पुष्कळ देशांत चालतो, तो चर्च कौन्सिलच्या, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीच्या, लोकांबरोबर करता येतो. आणि तुमच्या भागातले सायकियाट्रिस्ट, काउन्सेलर, हेल्पलाइन यांचे नंबर गरज पडायच्या आधी फोनमध्ये असू देत. डॉक्टरकडे पाठवलं म्हणजे आपलं काम संपलं असंही नाही, प्रार्थना, प्रभुभोजन, भेटायला जाणं हे चालूच ठेवायचं.

इथे एक गोष्ट ल्युथरन पाळकाला जास्त नीट समजून घ्यावी लागते. ऑग्सबर्ग कन्फेशनच्या ११व्या कलमात खासगी पापक्षमा चर्चमध्ये टिकवावी असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे तुमच्यासमोर बसलेला माणूस सल्ला मागतोय की पापकबुली देतोय हे तुम्हाला ओळखता आलं पाहिजे, कारण कबुलीची गुप्तता वेगळी आणि काउन्सेलिंगची वेगळी. मुलाच्या सुरक्षेचा प्रश्न आला तर कायदा काय सांगतो, तुमचं सिनॉड (मंडळ्यांवरची चर्चची संस्था) काय सांगतं, हे देशादेशात बदलतं, ते लेखी मागून घ्या आणि कोर्समध्ये याच्यावरच प्रश्न विचारा.

आता नेतृत्व. इथे लोक मॅनेजमेंटच्या सेमिनारला जातात, बजेट आणि मीटिंगचा अजेंडा शिकायला ते ठीक आहे, पण मंडळीत भांडण पेटतं ते बहुतेकदा बजेटवरून दिसतं आणि असतं दुसऱ्याच कशावरून. त्यासाठी फॅमिली सिस्टिम्स शिका, म्हणजे माणसाला एकटं न बघता त्याच्याभोवतीच्या नात्यांच्या जाळ्यात बघायचा विचार. मरे बोवेन या सायकियाट्रिस्टने हा विचार कुटुंबांसाठी मांडला आणि १९८५ मध्ये एडविन फ्रीडमन या रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) तो मंडळ्यांना लावून दाखवला. उदाहरण घ्या, एक सभासद येऊन सांगतो की ऑर्गन वाजवणाऱ्या ताई फार संथ वाजवतात, तुम्ही त्यांना सांगा, आणि माझं नाव नका घेऊ. तुम्ही निरोप पोचवलात की त्रिकोण तयार झाला, आता ताई तुमच्यावर चिडल्या आणि तक्रार करणारा मोकळा. याऐवजी "चला, आपण दोघं त्यांच्याशी बोलू" एवढंच म्हणायचं असतं, पण दबावाखाली ते सुचायला सराव लागतो. चांगल्या कोर्समध्ये तुमच्या स्वतःच्या घराचा तीन पिढ्यांचा नकाशा काढायला लावतात, तो टाळू नका, घरात ज्याच्यापुढे गप्प बसायची सवय लागली तसाच माणूस कौन्सिलमध्ये असला की आपण तिथेही गप्प बसतो. आणि जमलं तर असा कोर्स एकट्याने करू नका, कौन्सिलच्या एक-दोघांना बरोबर न्या, सगळे विश्वासणारे याजक आहेत हे आपण शिकवतो ना, मग नेतृत्वाचं ट्रेनिंग पाळकापुरतं का ठेवायचं.

वेळ आणि पैसा हा खरा अडथळा. तुमचं नेमणुकीचं पत्र परत वाचा, पुष्कळ ठिकाणी त्यात अभ्यासरजा आणि शिक्षणाची रक्कम लिहिलेली असते आणि कोणी मागतच नाही. नसेल तर कौन्सिलपुढे एका पानाचा अर्ज ठेवा: काय शिकणार, किती दिवस, त्या रविवारी उपासना कोण घेणार, परत आल्यावर मंडळीत काय सुरू होणार. आगमनकाळ आणि उपवासकाळ सोडून तारखा द्या. नवीन पाळकांनी आपल्या चर्चचा कार्यक्रम आधी बघावा, अमेरिकेतल्या दोन्ही मोठ्या ल्युथरन चर्चेसमध्ये पहिल्या तीन वर्षांसाठी खास शिक्षण ठेवलंय. डॉक्टर ऑफ मिनिस्ट्रीची, म्हणजे पाळकीय सेवेतल्या डॉक्टरेटची, घाई नको, त्याला साधारणपणे काही वर्षांचा सेवेचा अनुभव मागतात आणि ते बरोबरच आहे.

कोर्स संपला की चार-पाच पाळकांचा एक गट धरा आणि महिन्यातून एकदा भेटा. ल्युथरने १५३७ च्या श्माल्काल्ड आर्टिकल्स या विश्वासलेखात भावाभावांच्या आपसातल्या बोलण्याला आणि सांत्वनाला शुभवर्तमान पोचायच्या मार्गांमध्ये धरलंय, त्यामुळे हा गट म्हणजे फावल्या वेळचा प्रकार नाही. दर वेळी एकाने एक प्रसंग लिहून आणायचा, नाव, गाव, ओळख पटेल असं सगळं बदलून, आणि कबुलीत ऐकलेलं तर आणायचंच नाही. बाकीच्यांनी पहिली पंधरा मिनिटं सल्ला न देता फक्त प्रश्न विचारायचे, पाळकांना हे सगळ्यात जड जातं म्हणून घड्याळ लावा. निघताना कागद तिथेच फाडायचे, फोनवर फोटो काढायचा नाही, आणि पुढच्या भेटीची तारीख ठरवूनच उठायचं.