पुण्याहून तिकीट काढलंय आणि मार्गच बदलला, तर

विमानांचं वेळापत्रक वर्षातून २ वेळा पालटतं: मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. एअर इंडियाचं पुण्याहून दिल्लीमार्गे परदेशी जाण्याचं तिकीट या तारखांपलीकडचं असेल तर पीएनआर अधूनमधून तपासा. एजंटकडून काढलं असल्यास बदलाचा मेल बरेचदा त्याच्याकडेच पडून राहतो.

मेल आला की लगेच ‘मान्य’ दाबू नका. आधी दिल्लीत पुढच्या विमानासाठी किती वेळ उरतो ते बघा. परदेशी विमानासाठी २ तासांहून कमी म्हणजे जीव टांगणीला. विमानच रद्द झालं असेल तर डीजीसीएच्या (विमान वाहतूक नियामकाच्या) नियमानुसार पर्यायी विमान किंवा परतावा मागा.

खरी गोची पुढेच आहे. पुणे–दिल्ली टप्पा गैरसोयीचा झाला म्हणून काहीजण परस्पर मुंबई गाठतात. पहिला टप्पा सोडला की त्याच पीएनआरवरचे पुढचे टप्पे, परतीसकट, रद्द होतात. त्यामुळे आधी फोन करून तिकीट मुंबईहून रीइश्यू, म्हणजे नव्याने जारी, करून घ्या. ०९८ने सुरू होणारा नवा १३ आकडी ई-तिकीट क्रमांक हाती आल्याशिवाय मुंबईची शिवनेरी बस बुक करू नका. नुसतं ‘बदल केलाय’ हे तोंडी आश्वासन चेक-इन काउंटरवर चालत नाही.