गणितात हुशार, हप्त्यात चूक? या चुका टाळा

गणित चांगलं असलं की पैशाचा हिशेब आपोआप जमतो, हा समज अर्धाच खरा आहे. ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१२ साली पंधरा वर्षांच्या मुलांची अर्थसाक्षरता पहिल्यांदा तपासली गेली. गणितात पुढे असलेली मुलं बहुधा त्यातही पुढे होती. पण गणितात बरोबरीची असलेली मुलंही अर्थसाक्षरतेत मागेपुढे होती. माझ्या मते, मागे राहणाऱ्यांचं बहुतेक वेळा अडतं ते एका प्रश्नापाशी: हे टक्के नेमके कशाचे?

व्याज कोणत्या रकमेवर?
सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. १२,००० कर्ज, एक वर्ष मुदत, व्याज १० टक्के, हप्ता १,१००. सरळव्याजाचं सूत्र पाठ असलेला विद्यार्थी १,२०० व्याज काढतो आणि हिशेब जुळला म्हणून पुढे जातो. पण दर महिन्याला मुद्दल फिटत असतं. पूर्ण १२,००० त्याच्याकडे फक्त पहिला महिना राहतात, वर्षभराची सरासरी साधारण निम्मीच भरते. घटत्या शिलकीवर पाहिलं तर हा दर १८ टक्क्यांच्या आसपास जातो. हे सूत्र सांगून कळत नाही. मुलांना बारा ओळींचा तक्ता हाताने करू द्या: शिल्लक, व्याज, फेडलेलं मुद्दल. वेळ लागतो, पण तो द्यायलाच हवा.

मुदत न वाचणं
पाठ्यपुस्तकात ‘द. सा. द. शे.’ ठरलेलं असतं, म्हणून नजर थेट आकड्यावर जाते. महिन्याला ३ टक्के हा दर किरकोळ वाटतो. थकबाकीवर तो चक्रवाढीने चढला तर वर्षाचे ३६ नव्हे, सुमारे ४२.६ टक्के होतात.

टक्क्यांची सरळ बेरीज
५० टक्के सूट आणि त्यावर आणखी २० टक्के, म्हणजे ७० नव्हे, ६० टक्के. गुंतवणूक २० टक्के घसरली, तर मूळ जागी यायला २५ टक्के वाढ लागते.

महागाई विसरणं
बचतीवर ५ टक्के व्याज आणि महागाई ७ टक्के असेल, तर रक्कम वाढूनही तिच्यात येणाऱ्या वस्तू कमी होतात.

उत्तर चुकलं तर आधी काय तपासाल?
लगेच आणखी उदाहरणं देऊ नका. प्रश्न मोठ्याने वाचायला सांगा, मग आकडेमोड न करता अटी स्वतःच्या शब्दांत मांडायला लावा. इथेच अडखळला, तर अडचण वाचनाची आहे. अटी नीट सांगितल्या पण पाया, म्हणजे टक्के ज्या रकमेचे काढायचे ती रक्कम, चुकीचा धरला, तर शेकडेवारी पुन्हा शिकवा. दोन्ही बरोबर असतील, तर चूक फक्त आकडेमोडीत आहे, आणि तिथे कॅल्क्युलेटर द्यायला हरकत नाही. मात्र बटण दाबण्याआधी अंदाज लिहून घ्या. चक्रवाढीसाठी ७२ला दराने भागणं पुरतं: ८ टक्क्यांनी रक्कम साधारण ९ वर्षांत दुप्पट होते. कॅल्क्युलेटरने ३ किंवा ३० वर्षं दाखवली, तर गडबड मुलाला स्वतःलाच दिसते.