नॉइज रॉक (मुद्दाम गोंगाटी रॉक) बँड पुण्याला न्यायचा तर

अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) उचलून न्यायच्या फंदात पडू नका. शोच्या जागी कोणता आहे ते आधी फोनवर विचारा. दादरहून पहाटेची इंद्रायणी पकडायची. गिटार वरच्या फळीवर, पेडलची (पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायच्या डब्यांची) बॅग मांडीवर. सिंबल (ड्रमच्या थाळ्या) ड्रमरने स्वतःचे आणावेत, उसने मागितले की तोंडं वाकडी होतात.

पेडलला बहुधा ९ व्होल्ट लागतात आणि मधली पिन निगेटिव्ह. मी एकदा घाईत राउटरचा अडॅप्टर लावला. तो १२ व्होल्टचा, वर पिन उलटी. फझमधून (आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलमधून) जळक्या वायरचा वास आला आणि संपलं. आता माझ्या अडॅप्टरला लाल नेलपॉलिशचा ठिपका असतो (बहिणीची बाटली, अजून परत केलेली नाही).

साउंडचेकला (शोआधीच्या आवाज-तपासणीला) अ‍ॅम्पकडे तोंड करून हळूहळू सरका. अर्ध्या पावलावर फीडबॅकचा (स्पीकरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून होणाऱ्या शिट्टीचा) सूर बदलतो. हवा तो सापडला की जमिनीवर चिकटपट्टी मारा.

शो उघड्यावर असेल तर रात्री १० ला लाउडस्पीकर बंद. म्हणून नव्या अल्बममधली गाणी आधी वाजवा, जुनी मागे ठेवा. अल्बम बँडकॅम्पवर (गाणी विकायच्या वेबसाइटवर) टाकलात तर डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते कापतात. कॅसेट मात्र स्टेजखालीच विका, सुटे पैसे घेऊन बसा.