जात पडताळणीसाठी जुन्या नोंदी कशा शोधाव्यात : मुंबईकर कुटुंबांसाठी मार्गदर्शन

राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा असो, राखीव प्रभागातून महापालिकेची निवडणूक लढवायची असो किंवा आरक्षित पदावरची नोकरी टिकवायची असो, महाराष्ट्रात केवळ जातीचा दाखला पुरत नाही; पडताळणी समितीकडून त्याचे वैधता प्रमाणपत्र घ्यावे लागते. या कामासाठीचा कायदा १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू आहे आणि त्याच्या कलम ८ नुसार जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. ऑनलाइन अर्ज भरण्याचे काम फार मोठे नाही. वेळ जातो तो कागद शोधण्यात, आणि मुंबईत तो जास्तच जातो, कारण इथल्या बहुतेक घरांचे निम्मे कागद लालबाग-परळच्या चाळीत तर निम्मे रत्नागिरी, सातारा किंवा अहिल्यानगरच्या एखाद्या तहसील कचेरीत असतात.

सुरुवात तारखेपासून करावी. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे मानीव दिनांक आहेत. आपल्या प्रवर्गाच्या तारखेला वडिलांकडचे पूर्वज कायमचे कुठे राहत होते, यावरून दाखला कोणत्या जिल्ह्यातून काढायचा हे ठरते आणि पडताळणीही तो जिल्हा ज्या समितीच्या अखत्यारीत येतो तिच्याकडे जाते. समजा, चिपळूण तालुक्यातील दोन कुटुंबे १९५५ साली परळला स्थायिक झाली. त्यांपैकी इतर मागासवर्गातील कुटुंबाने दाखला मुंबईत काढायचा, तर अनुसूचित जातीतील कुटुंबाने चिपळूणच्या प्रांत कार्यालयात जायचे, कारण १९५० साली ते गावीच होते. हा फरक न कळल्यामुळे चुकीच्या कचेरीत अर्ज करून महिनेच्या महिने घालवणारे लोक मला नेहमी भेटतात. ज्या चाकरमान्याचे बिऱ्हाड गावी आणि तो एकटा गिरणीत, अशा आजोबांच्या बाबतीत ‘कायमचे वास्तव्य’ कोणते हा प्रश्न उपस्थित होतोच. म्हणून जुनी शिधापत्रिका, खोलीच्या भाड्याच्या पावत्या, मतदार यादीतील नाव असे वास्तव्याचे पुरावे जातीच्या पुराव्यांपासून वेगळे काढून ठेवावेत. परराज्यातून आलेल्यांसाठी मात्र वाट बंद आहे : सर्वोच्च न्यायालयाच्या १९९० च्या निर्णयानुसार मूळ राज्यातील अनुसूचित जाती-जमातीच्या सवलती स्थलांतराच्या राज्यात मिळत नाहीत.

त्यानंतर वंशावळ लिहावी. पणजोबा, त्यांचे सर्व मुलगे-मुली, त्यांची मुले, अशी वडिलांकडची सर्व शाखा एका कागदावर यायला हवी, कारण ती पुढे शपथपत्रावर द्यायची असते आणि एखाद्या चुलत्याचे नाव राहिले तर त्याच्या घरातला पुरावा नंतर जोडणे कठीण जाते. विवाहित स्त्रीने सासरची नव्हे, माहेरची वंशावळ द्यायची असते. जात जन्माने ठरते, लग्नाने बदलत नाही. आंतरजातीय विवाहातील मुलांची जात वडिलांची धरली जाते, परंतु आईनेच आपल्या समाजात वाढवले हे पुराव्याने दाखवता आल्यास वेगळा निष्कर्ष निघू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले आहे.

आता नोंदी. आजोबांचा किंवा त्यांच्या भावाबहिणींचा शाळेतला दाखला सर्वांत मोलाचा, पण केवळ शाळा सोडल्याच्या दाखल्यावर न थांबता शाळेच्या जनरल रजिस्टरमधील मूळ नोंदीचा साक्षांकित उतारा मागावा, कारण समितीसाठी चौकशी करणारे दक्षता पथक तेच रजिस्टर उघडून पाहते. महापालिकेची शाळा बंद पडली असेल तर तिची रजिस्टरे ज्या शाळेत विलीनीकरण झाले तिथे किंवा पालिकेच्या शिक्षण विभागात विचारावीत. आजोबा शाळेतच गेले नसतील, आणि हे अनेक घरांत घडते, तर गावाच्या तहसील कचेरीतील अभिलेख कक्षात गाव नमुना क्रमांक १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ती जन्म-मृत्यूची नोंदवही, पाहण्यासाठी अर्ज करावा. या वहीत आडनाव बहुधा सापडत नाही. ‘राघू बिन सखाराम’ एवढेच नाव आणि पुढे जातीची दोन अक्षरे, अशी ती नोंद असते. म्हणून शोधताना आडनावाचा हट्ट सोडून पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव आणि अंदाजे साल हातात ठेवावे आणि त्याच बापाच्या नावे नोंदलेली सर्व भावंडे टिपून घ्यावीत. एकट्या ‘राघू’वरून काही सिद्ध होत नाही, पण राघू, भागी आणि गणू ही तिन्ही भावंडे वंशावळीत बसली की नोंद आपल्याच घराची हे ठामपणे मांडता येते. जुनी पाने मोडीत असतील तर मान्यताप्राप्त मोडी वाचकाकडून देवनागरी लिप्यंतर करून त्याची सही घ्यावी. घरातील कोणी मोडी शिकले असेल तर पान ओळखण्यापुरता त्याचा उपयोग होतो, समितीपुढे नाही.

बौद्ध कुटुंबांच्या कागदांत १९५६ ची रेघ दिसते. आजोबांच्या नोंदीत ‘महार’ आणि वडिलांच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ असणे ही विसंगती नसून धर्मांतराचा स्वाभाविक परिणाम आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झाला आहे. तरीही धर्मांतरापूर्वीची जात दाखवणारा एक तरी कागद जोडावाच लागतो, आणि घरात केवळ ‘बौद्ध’ लिहिलेले दाखले असतील तर शोध आणखी एक पिढी मागे न्यावा लागतो. ज्या शब्दापासून सुटण्यासाठी आजोबांनी धर्म बदलला तोच शब्द नातवाने रजिस्टरात शोधत फिरावा, ही या व्यवस्थेने लादलेली गोष्ट आहे, आणि तिची बोच ज्यांना जाणवते त्यांना मी अतिसंवेदनशील म्हणणार नाही.

मुंबईत सर्वाधिक गोंधळ ‘कोळी’ या नोंदीवरून होतो. वरळी, माहीम, वेसावे येथील सोनकोळी विशेष मागास प्रवर्गात येतात, तर महादेव कोळी ही अनुसूचित जमात आहे. आणि जुन्या दाखल्यावर मास्तरांनी बहुधा फक्त ‘हिंदू कोळी’ लिहिलेले असते. पडताळणी समित्या आणि दक्षता पथके यांची रचना ज्या माधुरी पाटील प्रकरणातील निकालाने १९९४ मध्ये घालून दिली, तो वादही महादेव कोळी असल्याच्या दाव्याचाच होता. जमातीच्या दाव्यात रूढी, देवदेवता, लग्नविधी यांविषयी प्रश्न विचारून आप्तभाव चाचणी घेतली जाते. दोन-तीन पिढ्या शहरात राहिलेल्या तरुणाला ती उत्तरे येणार नाहीत हे उघड आहे. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी अंतिम कसोटी नाही आणि राज्यघटना लागू होण्यापूर्वीच्या कागदांना सर्वाधिक महत्त्व द्यावे, असे स्पष्ट केले. तेव्हा पाठ केलेली उत्तरे देण्यापेक्षा १९५० पूर्वीचा एक कागद शोधण्यात वेळ घालवावा.

वडिलांकडच्या रक्तनात्यातील कोणाला, म्हणजे वडील, सख्खा भाऊ, काका, आत्या किंवा चुलत भावाला, आधीच वैधता मिळाली असेल तर त्याची प्रत आणि नाते दाखवणारी वंशावळ सर्वांत वर लावावी. ते प्रमाणपत्र फसवणुकीने मिळवलेले नसेल, तर समितीने त्याचा आधार घेऊन निर्णय द्यावा अशी मुंबई उच्च न्यायालयाची भूमिका २०१० पासून आहे.

जुन्या दाखल्यावरील जात बदलून घेण्याचा किंवा रजिस्टरात एखादा शब्द वाढवून घेण्याचा सल्ला देणारे एजंट कचेऱ्यांच्या बाहेर भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. शाई आणि अक्षर वेगळे दिसताच संपूर्ण दावा संशयात येतो, आणि खोटा दावा सिद्ध झाला तर पदवी, नोकरी किंवा निवडून आलेले पद जाण्यासोबत शिक्षेचीही तरतूद कायद्यात आहे. विसंगत नोंद असेल तर ती लपवू नये. तीही अर्जाला जोडून ती तशी का झाली याचा खुलासा शपथपत्रात करावा. दक्षता पथकाचा अहवाल विरोधी गेला तर समिती अहवालाच्या प्रतीसह नोटीस पाठवते. तिचे उत्तर मुदतीत, लेखी आणि मुद्देनिहाय द्यावे, पोच घ्यावी, आणि सुनावणीला ज्यांनी गावात जबाब दिला त्या वडीलधाऱ्यांपैकी एकाला शक्य झाल्यास सोबत न्यावे.